दुरुस्ती की नवीन? घरातल्या यंत्रांचा निर्णय कशावर घ्यायचा

दहाचा_पाना (धागाकर्ता)

मिक्सरमधून जळका वास आला, वॉशिंग मशीन पिळताना घरघरायला लागलं, मोबाइलने दुपारीच मान टाकली, की बहुतेक घरांत एकच वाक्य निघतं: "आता हे कोण दुरुस्त करत बसणार, नवीनच घेऊन टाकू."

चंगळवादावर बोलायला बसलं की चर्चा 'माणसं हावरट झाली' इथे येऊन अडकते. हाव आहेच. पण नवीन घ्यायचा निर्णय आपण घेण्याआधीच अर्धा घेतला गेलेला असतो. कारखान्यात टब वेल्ड केलेला असतो, बॅटरी चिकटवलेली असते, दुकानात एक्स्चेंजची पाटी लागलेली असते आणि हप्ता मंजूर होऊन पडलेला असतो. म्हणून या धाग्यावर यंत्र, पैसा आणि मन या तिन्ही बाजूंनी लिहावं अशी विनंती आहे. नेमकं लिहा: कोणता भाग जातो, का जातो, काय विचारायचं.

हा प्रकार आजचा नाही. १९२४ च्या डिसेंबरमध्ये मोठ्या बल्ब-कंपन्या जिनिव्हात एकत्र आल्या आणि बल्बचं आयुष्य १००० तासांच्या आसपास आणायचं त्यांनी ठरवलं. त्याआधी १५०० ते २००० तास टिकणारे बल्ब बाजारात होते. ज्या कंपनीचे बल्ब जास्त टिकत तिला दंड होता.

सुरुवातीला एक हिशोब मांडतो. दुकानात सर्रास सांगतात, "दुरुस्तीचा खर्च नवीनच्या निम्म्यावर गेला की नवीन घ्या." हा नियम सोडून द्या, कारण त्यात वर्षं कुठेच येत नाहीत. दर वर्षाचा खर्च काढा. समजा वॉशिंग मशीन ३२,००० चं आहे आणि १० वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला ३,२०० पडले. जुन्या मशीनला १२,००० खर्च करून ते आणखी ५ वर्षं चालणार असेल, तर वर्षाला २,४०० होतात. इथे दुरुस्ती स्वस्त आहे. तेच १२,००० घालून दोनच वर्षं मिळणार असतील, तर वर्षाला ६,००० झाले, मग नवीन घ्या. दुरुस्तीवाल्याला "किती होतील?" एवढंच विचारू नका. "यानंतर पुढे काय जाईल आणि कधी?" हेही विचारा.

---

वायंडिंगवाला

मिक्सरचं मी सांगतो. या कामात असलेल्यांना माहीत आहे की टाकून दिलेल्या मिक्सरांपैकी पुष्कळांची मोटर धडधाकट असते.

बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा जारमध्ये होते. पात्याच्या खाली जो बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि ऑइल सील (गळती अडवणारी कडी) असतो तो झिजतो आणि जारच्या बुडातून पाणी पाझरायला लागतं. ते कपलरवर (मोटरची फिरकी जारच्या पात्याला देणारी चकती), तिथून मोटरच्या वरच्या बेअरिंगमध्ये उतरतं. जारखाली काळपट ओल दिसली, किंवा पातं बोटाने हलवल्यावर डावी-उजवीकडे डुगडुगलं (जार मिक्सरवरून काढूनच बघा, आणि पात्याच्या धारेला बोट लावू नका), तर तो जार वापरणं त्याच दिवशी थांबवा. बुश-सील बदलणं हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे. ते टाळलं की बेअरिंग जातं, बेअरिंग गेलं की आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) घासायला लागतं, आणि मग नवीन मिक्सर.

दुसरा भाग कपलर. मोटरवर एक असतो, जारखाली एक. तो नायलॉनचा किंवा रबराचा मुद्दामच नरम ठेवलेला असतो. जार अडकला तर कपलर तुटावा आणि मोटर वाचावी, हे त्याचं काम. म्हणून कुणी "हा लोखंडी घ्या, आयुष्यभर जाणार नाही" म्हणालं तर घेऊ नका. मग तुटायची पाळी मोटरवर येते. आट्यांचा कपलर काढताना प्लग आधी काढा, खालून शाफ्ट धरून ठेवा आणि मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवा. चालताना जार त्याला उलट्या दिशेने रोखत असतो, त्यामुळे उलटीकडे फिरवलं तर तो आणखी घट्ट बसतो. बऱ्याचदा जोर इथे चुकीच्या बाजूला लागतो आणि शाफ्टचे आटे जातात.

तिसरा, कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे. दोन असतात. मूळ लांबीच्या एक तृतीयांश उरले की बदलायचे, आणि दोन्ही एकदम बदलायचे. जोडी शंभराच्या आत मिळते. जुना ब्रश सोबत नेऊन मापाने घ्या. जाड निघाला म्हणून घासून बसवला तर तो होल्डरमध्ये अडकतो आणि ठिणग्या सुरू होतात. बसवल्यावर दोन-तीन मिनिटं जार न लावता मंद गतीवर चालवा, म्हणजे ब्रशचं तोंड कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाच्या) गोलाईला बसतं. कम्युटेटर काळा पडला असेल तर काचकागद वापरा. काळा पॉलिश पेपर नको, त्याचे कण पट्ट्यांमधल्या फटीत बसले की शॉर्ट होऊ शकतो.

ठिणग्या बघायला शिका. ब्रशखाली बारीक निळसर ठिणगी चालते. पूर्ण कम्युटेटरभोवती पिवळं कडं फिरताना दिसलं तर आर्मेचरची गुंडाळी गेली. तिथे दोन रस्ते: आर्मेचर बदलणं किंवा गुंडाळून घेणं. गुंडाळून घेताना तांब्याचीच तार मागा आणि वार्निश करून भट्टीत सुकवणार का ते विचारा. वार्निश नसेल तर तारा थरथरून एकमेकींवर घासतात. वार्निश एका बाजूला जास्त बसलं तरी आर्मेचर तोल सोडतं, आणि मिनिटाला १८,००० च्या पुढे फिरणाऱ्या मोटरला तो असमतोल सोसत नाही.

आणि एकदम बंद पडलेला मिक्सर टाकण्याआधी उलटा करून बुडाचं लाल बटण दाबा. तो ओव्हरलोड स्विच आहे. घट्ट डाळ एकदम भरली की तो उडतो. मिक्सर सलग चालवायचा नसतोच. ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद, हे माहितीपत्रकात छापलेलं असतं.

---

रानमोगरा

उपयुक्त आहे, पण एक बाजू राहून जाते. मिक्सर तीन दिवस दुरुस्तीला गेला तर ते तीन दिवस कोणाच्या अंगावर पडतात? बहुतेक घरांत बाईच्याच. दुकान सकाळी अकराला उघडतं, संध्याकाळी गर्दी असते, "उद्या या" ऐकायचं, पुन्हा जायचं. दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात नवीन मिक्सर दहा मिनिटांत मागवला जातो, तो हौसेपोटी नव्हे. 'जुन्या पिढीची काटकसर' म्हणून जिचं कौतुक होतं, तिच्यात कितीतरी बायकांचे न मोजलेले तास आहेत. ते तास मोजल्याशिवाय दुरुस्तीची भलामण करू नये.

---

वायंडिंगवाला

रानमोगरा ताई, मान्य. म्हणून सुटे भाग घरात आधीपासून असावेत. आपल्या मॉडेलचे मोटरचे दोन आणि जारचे दोन कपलर, ब्रशची एक जोडी, कुकरची एक रिंग आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. पाचशेच्या आसपास सगळं येतं. मॉडेल नंबर मिक्सरच्या बुडाच्या पट्टीवर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लोहार चाळीत हे सुटे भाग मिळतात, पण 'अमुक कंपनीचा मिक्सर' एवढ्यावर कुणी देऊ शकत नाही. आट्यांचा कपलर बदलायला पाच मिनिटं लागतात, आणि ती घरातल्या कुणीही द्यावीत.

---

सातारी_तिखट

वॉशिंग मशीनचं कुणी सांगेल का? फ्रंट लोडला सर्व्हिसवाले "बेअरिंग गेलंय, पूर्ण टब बदलावा लागेल" म्हणतात आणि आकडा ऐकूनच माणूस नवीन घ्यायला निघतो. बेअरिंग तर काही शे रुपयांचं असतं ना?

---

टाचणी

बेअरिंग स्वस्तच असतं. त्याच्यापर्यंत पोचणं महाग आहे, आणि धागाकर्त्याने म्हटलेली गोष्ट इथे उघड दिसते.

फ्रंट लोडमध्ये स्टीलचा ड्रम असतो आणि त्याच्याभोवती प्लास्टिकचा टब. ड्रमच्या मागे तीन हातांचा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा स्पायडर असतो, त्याचा शाफ्ट टबच्या मागच्या भिंतीतल्या दोन बेअरिंगांमधून बाहेर येतो. बेअरिंगांच्या पुढे एक वॉटर सील. हा सील गेला की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुतलं जातं, गंज चढतो. आधी पिळताना विमानासारखा आवाज येतो. पुढे मशीनच्या मागच्या बाजूला तांबूस ओघळ दिसतात.

तपासायचं कसं? मशीन बंद करून रिकामा ड्रम हाताने फिरवा. खरखर जाणवते का बघा. मग ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि टब मिळून हलले तर ठीक, ते स्प्रिंगवर लटकलेले असतात. टब जागेवर राहून नुसता ड्रम हलला, तर बेअरिंग गेलं किंवा स्पायडर तडकला.

आता मुख्य गोष्ट. काही मशिनांत टबचे दोन अर्धे भाग स्क्रूने आणि मध्ये रबरी गॅस्केट घालून जोडलेले असतात. ते उघडतात. बेअरिंग, सील, मजुरी धरून काम आटोपतं. दुसऱ्या प्रकारात ते दोन्ही भाग कारखान्यातच वितळवून एकजीव केलेले असतात. तो टब उघडतच नाही. कंपनीच्या यादीत 'टब असेंब्ली' एवढाच भाग असतो, म्हणजे काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी ड्रम, स्पायडर, टब सगळं विकत घ्यायचं. कंपनीच्या बाजूने कारण दिलं जातं की वेल्ड केलेला टब गळत नाही आणि जुळणी लवकर होते. ती कारणं खोटी नाहीत. पण त्याची किंमत आठव्या वर्षी ग्राहकाच्या माथी येते, आणि दुकानात मशीन घेताना ती कुठेच लिहिलेली नसते.

वेल्ड केलेल्या टबवरही इलाज आहे. बाहेरचे काही चांगले कारागीर टब करवतीने जोडावरच कापतात. कापण्यापूर्वी चारही बाजूंना भोकं पाडून घेतात, म्हणजे पुन्हा जोडताना दोन्ही भाग नेमके जुळतात. आत बेअरिंग आणि सील बदलून, कडेने सिलिकॉन सीलंट लावून स्टेनलेसच्या बोल्टांनी टब आवळतात. सीलंट पूर्ण सुकायला चोवीस तास द्यावे लागतात. घाई केली तर तिथूनच गळतं. सील बसवताना शाफ्टवरचं पितळी बुश गुळगुळीत आहे का ते बघायला सांगा. त्यावर खाच पडली असेल तर नवा सीलही सहा महिन्यांत जाईल.

स्पायडर का सडतो हेही सांगते, कारण ते आपल्या हातात आहे. साबण अल्कलीयुक्त असतो. तो प्रमाणाबाहेर घातला की ड्रमच्या मागे त्याचा पांढरा लगदा साचतो, ओला राहतो आणि ॲल्युमिनियम खात बसतो. फेस दिसला म्हणजे कपडे स्वच्छ, ही समजूत जाहिरातींनी घट्ट केली आहे. पाकिटावरच्या मापापेक्षा जास्त कधीच नको आणि अर्ध्या भारासाठी त्याहून कमी. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्याच्या प्रोग्रॅमवर चालवा, खालचा ड्रेन फिल्टर उघडून साफ करा, धुणं झाल्यावर दार उघडं ठेवा. बोअरच्या पाण्याच्या भागांत हीटरवर क्षार चढतात, तिथे दोन-तीन महिन्यांनी डीस्केलिंग पावडर लागतेच.

नवीन घ्यायची वेळ आलीच तर दुकानात दोन प्रश्न विचारा. टब स्क्रूचा आहे की वेल्डचा? इन्व्हर्टर बोर्ड (मोटरची गती सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) एकटा मिळतो का, आणि त्यावर रेझिन (सुकून कडक होणारा राळेसारखा थर) ओतलेलं आहे का? रेझिन ओलाव्यापासून वाचवतं हे खरं, पण आतला एक कपॅसिटर गेला तरी पूर्ण बोर्ड टाकावा लागतो. विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर सांगून विचारा. ज्यांना उत्तर देता येत नाही त्यांचं मशीन घेण्याची घाई करू नये.

---

निळी_शाई

सगळीकडे दुरुस्तीच योग्य असं नाही, हेही नोंदवायला हवं. छताचा जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. दिवसाला १२ तास, वर्षात ३०० दिवस धरले तर ३,६०० तास होतात. ४५ वॅटच्या फरकाने १६२ युनिट वाचतात. ८ रुपये युनिट धरलं तर वर्षाला सुमारे १,३०० रुपये. तीन हजारांचा पंखा अडीच वर्षांत वसूल. जुन्या पंख्याचं गुंडाळकाम करण्यापेक्षा हे बरं, पण तो पंखा दिवसभर चालणारा असेल तरच. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा तसाच राहू द्या, तिथे वसुली व्हायला जन्म जाईल.

फ्रिजचंही असंच. दार नीट लागत नसेल तर आधी गॅस्केट (दाराची रबरी पट्टी) बघा. दारात नोट धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर तिथून गारवा जातो आहे, आणि त्यावर नवीन फ्रिज हा उपाय नाही. फार जुना, सतत चालू राहणारा फ्रिज असेल तर प्लगला लावायचं वीज-मीटर आणून चोवीस तासांचे युनिट मोजा आणि नव्या फ्रिजच्या स्टार लेबलवरच्या वार्षिक युनिटांशी ताडून बघा. अंदाजाने टाकू नका.

---

हिशोबनीस

पैशाच्या बाजूने लिहितो. दुरुस्तीचे २,५०० जड वाटतात, कारण ते आज खिशातून जातात. नवीन मशीनचा हप्ता २,००० असतो आणि तो हलका वाटतो. सगळा खेळ इथे आहे.

'बिनव्याजी हप्ता' म्हणजे काय ते आकड्यांत बघू. ३०,००० चा फोन, ६ हप्ते, दर महिन्याला ५,०००. बँक व्याज सोडत नाही. १५ टक्के वार्षिक दर धरला तर ५,००० च्या सहा हप्त्यांचं मूळ कर्ज २८,७३० बसतं. उरलेले १,२७० हे व्याज. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सूट म्हणून आधीच कमी करते, म्हणून एकूण ३०,००० च दिसतात. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २२९ रुपये, ग्राहकाकडून घेतला जातो. वर प्रक्रिया शुल्क १९९ धरलं तर जीएसटीसह २३५. म्हणजे 'बिनव्याजी'चे सुमारे ४६४ रुपये गेले. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळू शकली असती ती १,२७० ची सूट हप्त्यात विरली. म्हणून दुकानात आधी "एकरकमी दिले तर शेवटचा भाव काय?" हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत हप्त्याचा विषय काढू नका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं. त्यानंतर योजनेची मांडणी बदलली आणि ती सुरूच राहिली.

फायनान्स कंपन्यांची '१२ ला ४' योजना अशी. २४,००० ची वस्तू, १२ हप्ते, त्यातले चार आधीच भरायचे, म्हणजे ८,०००. कर्ज फक्त १६,००० चं, फेड आठ महिन्यांत. फाइल चार्ज सगळं धरून ६०० घेतला, तर तुम्हाला प्रत्यक्षात १५,४०० च मिळाले आणि फेडायचे १६,०००. हा वर्षाला १० टक्क्यांच्या वरचा दर झाला. फार नाही, पण शून्यही नाही.

खरं संकट क्रेडिट कार्डाच्या 'किमान देय' रकमेत आहे. बिल ४०,०००, किमान देय ५ टक्के, म्हणजे २,०००. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं: १,४००. त्यावर जीएसटी २५२. म्हणजे भरलेल्या २,००० पैकी मुद्दलातून फक्त ३४८ गेले. आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दुधाच्या पिशवीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. अशी थकबाकी असेल तर आधी कार्ड वापरणं बंद करा, मग बँकेकडून ती रक्कम हप्त्यांत बदलून घ्या (दर निम्म्याच्याही खाली येऊ शकतो), आणि मगच बाकीचं बोला.

ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्ज देताना मुख्य माहितीचा एक तक्ता द्यावा लागतो. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर एका ओळीत असतो. सही करण्यापूर्वी तोच आकडा बघा.

---

ओसरी

आकडे पटतात. तरीही लोक नवीन घेतात, त्याचं कारण आकड्यांच्या बाहेर आहे.

वस्तूने काम करणं आणि वस्तूने आपल्याबद्दल सांगणं या दोन गोष्टी आता एकाच किमतीत विकल्या जातात. फ्रिज घरी येऊन वर्ष झालं तरी दारावरचं स्टार लेबल आणि हँडलवरचं प्लास्टिक काढलेलं नसतं. मोबाइलचा रिकामा खोका कपाटावर जपून ठेवलेला असतो. वस्तूचं नवेपण हीच इथे मालमत्ता आहे. मग दुरुस्त केलेलं जुनं मशीन पाहुण्यांसमोर कमीपणाचं वाटतं, जरी ते उत्तम चालत असलं तरी. मुलांच्या बाबतीत हे आणखी टोकदार होतं. वर्गात कोणाचा फोन कोणत्या सालचा, यावरून गट पडतात. 'तुला काय येतं' या प्रश्नाची जागा 'तुझ्याकडे काय आहे' या प्रश्नाने घेतली की माणूस स्वतःची ओळख दर दोन वर्षांनी विकत घ्यायला लागतो, आणि हिशोबनीस यांनी सांगितलेला हप्ता प्रत्यक्षात त्या ओळखीचा असतो.

आपल्याकडे खंडेनवमीला घरातली, कारखान्यातली अवजारं पुसून, तेल घालून, हळदकुंकू वाहून पूजतात. जे हत्यार आपल्याला पोसतं ते वर्षातून एकदा हातात घेऊन निरखायचं, ही त्या दिवसाची रीत. दुसऱ्या दिवशी दसरा, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आणि आज वर्तमानपत्राची पहिली पानं त्या एकाच मुहूर्ताने भरलेली असतात. पूजेचा दिवस खरेदीच्या दिवसाखाली दबून गेला. खंडेनवमीला मिक्सरचा जार तपासणं, फ्रिजच्या मागची कॉइल ब्रशने साफ करणं, कुकरची रिंग बदलणं, सायकलच्या चेनला तेल, हे सगळं त्या परंपरेत पूर्णपणे बसतं. मुलांना सोबत घ्यावं. यंत्राच्या आत काय आहे हे एकदा पाहिलेलं मूल त्याच्याकडे निव्वळ 'मॉडेल' म्हणून बघत नाही.

दुसरी ओळख कारागिराची. गुंडाळकाम करणारा, कल्हईवाला, रेडिओ दुरुस्त करणारा यांना गल्लीत नाव असे, लोक सल्ला विचारायला येत. आता ॲपवरून येणाऱ्या तंत्रज्ञाला बोर्ड उघडायची मुभा नसते, तो भाग बदलतो आणि निघतो. त्याच्या कौशल्यातला निदानाचा भाग काढून घेतला आहे. आयटीआयमधून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलाला हे सगळ्यात जास्त टोचतं.

---

निळी_शाई

मोबाइलबद्दल थोडं. फोन मंदावला की बॅटरी बघा, प्रोसेसर म्हातारा होत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांची गती सॉफ्टवेअरमधून कमी केली जात होती. ग्राहकांना हे नीट न सांगितल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड झाला. बॅटरी बदलली की तेच फोन पूर्ववत चालत होते.

सेटिंगमध्ये बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांच्या खाली दिसली तर बॅटरी बदला. फुगून मागचं कव्हर उचललं गेलं असेल तर चार्जिंग लगेच थांबवा, दाबून बसवू नका. घरी काढायचा प्रयत्नही नको. ती गोंदाने चिकटवलेली असते, धातूच्या पट्टीने उचकटताना भोक पडलं की पेट घेते. दुकानात बदलताना फोन पाण्यापासून पूर्वीइतका सुरक्षित राहणार नाही हे धरून चाला, कडेचा गोंद नवा लावायला सांगा.

युरोपात जून २०२५ पासून नव्या फोनच्या बॅटरीने ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता टिकवली पाहिजे आणि सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत, असा नियम लागू झाला आहे. फ्रान्समध्ये २०२१ मध्येच फोन आणि फ्रंट लोड मशिनांवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं होतं. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एकत्र मिळते. पण गुण छापायची सक्ती झाल्याशिवाय दुकानात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात काही येत नाही.

---

सातारी_तिखट

टाचणी ताई, धन्यवाद. आमच्या मॉडेलची चौकशी केली, टब स्क्रूचा निघाला. पुढचा प्रश्न: ऑनलाइन मागवताना वाढीव वॉरंटी आपोआप बिलात येते, आणि सर्व्हिसवाले जुना भाग परत देत नाहीत. याबाबत काही करता येतं का?

---

हिशोबनीस

येतं. न विचारता टोपलीत वस्तू किंवा सेवा टाकणं, 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं, शेवटच्या पानावर आकार वाढवणं, 'नको, मला बचत नको' असं लाजवणारं बटण ठेवणं, अशा १३ प्रकारांवर ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी आहे. पैसे भरण्याआधीच्या पानाचा आणि बिलाचा स्क्रीनशॉट घ्या. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, नंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीतही बोलता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

वाढीव वॉरंटी घ्यायचीच असेल तर कागदावर 'झीज होणारे भाग' या शीर्षकाखाली काय काय आहे ते वाचा. गॅस्केट, बेल्ट, ब्रश तिथे वगळलेले असतील तर जे जाणार आहे तेच झाकलेलं नाही.

---

दहाचा_पाना

जुन्या भागाबद्दल: काम सुरू करण्याआधीच सांगा की काढलेला भाग परत हवा, आणि जॉब कार्डवर (दुरुस्तीची नोंद असलेला कागद) तसं लिहून घ्या. वॉरंटीत किंवा बदलीच्या दरात मिळालेला भाग कंपनी ठेवून घेते, पण पूर्ण पैसे देऊन घेतला असेल तर जुना तुमचा. जॉब कार्डवर चार गोष्टी हव्यात: तक्रार तुमच्या शब्दांत, निदान त्यांच्या शब्दांत, बदललेल्या भागाचा नंबर आणि दुरुस्तीवरची हमी किती दिवसांची. निदान "मशीन बंद" असं लिहिलं असेल तर ते निदान नव्हे, पुन्हा लिहायला सांगा.

एक्स्चेंजचं राहिलं. "जुन्याचे ४,०००" म्हणतात तेव्हा जुनं न देता भाव किती ते आधी विचारा. फरक हजाराचाच निघाला तर जुन्याची खरी किंमत हजारच आहे, बाकीची सूट तशीही मिळणार होती. चालू स्थितीतलं मशीन सुटे भाग काढायला दुरुस्तीवाला त्याहून जास्तीला घेतो. मोटर, पंप, इनलेट व्हॉल्व्ह आणि दाराचं लॉक हे त्याला हवे असतात.

वायंडिंगवाला, टॉप लोड मशीनच्या गिअरबॉक्सवर आणि सेमी ऑटोमॅटिकच्या पिळणीच्या मोटरवर लिहाल का? त्या मशिनांत ब्रेकची पट्टी झिजलेली असताना मोटर बदलून दिल्याच्या तक्रारी बऱ्याच दिसतात.